सयाजीराव रोडवरून मनगटापर्यंत

म्हैसूरला गेलात तर राजवाडा बघालच, ते वेगळं सांगायला नको. पण तो बघून झाल्यावर लगेच रिक्षा करू नका. के. आर. सर्कलवरून उत्तरेकडे जाणारा रस्ता धरा आणि पाटी वाचा: सयाजीराव रोड! बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, म्हणजे आपल्या मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेले. परक्या गावात ओळखीचं नाव दिसलं की पावलं आपोआप हळू होतात.

दसऱ्याची जंबू सवारी याच रस्त्यानं जाते. हत्तीच्या पाठीवर ७५० किलोची अंबारी, त्यात चामुंडेश्वरी. राजवाड्यातून निघालेली मिरवणूक चामराज सर्कल, के. आर. सर्कल, सयाजीराव रोड, आयुर्वेद सर्कल, हायवे सर्कल असं करत बन्नीमंटपाला पोचते. अंतर साधारण ५ किलोमीटर. मिरवणूक एकच, पण ती आत्ता कुठे आहे हे विचारलं तर लोक दर वेळी वेगळं नाव सांगतात.

आपल्या धमन्यांचं अगदी असंच आहे. हे मला गेल्या वर्षी कळलं, तेही गरज पडली म्हणून. नोकरीनिमित्त म्हैसूरला स्थायिक झालेल्या माझ्या मामांची अँजिओग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "एलएडीमध्ये ब्लॉक आहे, रेडियलमधून गेलो होतो." मामी मान हलवत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "अगं, एलएडी म्हणजे काय? तू इंग्लिशची बीए ना?" इंग्लिशची बीए इथे काय कामाची! पण विचारून, वाचून समजून घेतलं, आणि समजलं ते याच रस्त्यावर चालताना.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी धमनी म्हणजे महाधमनी. ती वर जाऊन कमानीसारखी वळते आणि त्या कमानीतून तीन फांद्या फुटतात. त्यातली पहिली, ब्रेकिओसेफॅलिक, उजव्या बाजूची. तिच्यातून उजव्या हाताला जाणारी शाखा गळपट्टीच्या हाडाखालून जाते म्हणून तिचं नाव सबक्लेव्हियन, म्हणजे हाडाखालची. बरगडी ओलांडून काखेत शिरली की तीच ॲक्सिलरी होते, दंडात उतरली की ब्रेकियल. कोपरापाशी तिच्या दोन वाटा होतात: अंगठ्याकडची रेडियल, करंगळीकडची अल्नर. नळी तीच, रक्त तेच. बदलतो तो फक्त पत्ता. नावं पाठ करायला घाबरू नका, बहुतेक नावं म्हणजे त्या त्या ठिकाणच्या पाट्याच आहेत.

मामांच्या मनगटातून घातलेली बारीक नळी याच रस्त्यानं उलटी गेली. रेडियल, ब्रेकियल, ॲक्सिलरी, सबक्लेव्हियन, मग कमान, आणि शेवटी महाधमनीच्या अगदी मुळाशी. तिथेच हृदयाच्या स्वतःच्या धमन्या सुरू होतात. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या वाट्याच्या फांद्या सर्वांत आधी फुटतात, हे मला फार आवडलं. हृदयाला मुकुटासारखा वेढा घालतात म्हणून त्या कोरोनरी. 'कोरोना' म्हणजे मुकुट. डाव्या कोरोनरीची जी शाखा हृदयाच्या पुढच्या अंगानं खाली उतरते, ती लेफ्ट अँटिरिअर डिसेंडिंग. हीच एलएडी. हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग तिच्या भरवशावर असतो, म्हणून डॉक्टरांचा चेहरा गंभीर होता.

चालत राहा. देवराज मार्केटच्या फुलांचा वास मागे पडला की धन्वंतरी रोड लागतो, मग कृष्णराजेंद्र रुग्णालय. १९२४ साली बंगळूरला सुरू झालेलं आणि १९३० मध्ये इथे आलेलं म्हैसूर मेडिकल कॉलेज याच भागात आहे. थोडं पुढे आयुर्वेद महाविद्यालय. तिथे 'धमनी' शब्दाची गंमत आठवते. हा शब्द 'ध्मा' म्हणजे फुंकणे या धातूपासून आलेला. ग्रीकांनाही धमन्यांत हवा असते असं वाटे, कारण मृत शरीरात त्या रिकाम्या दिसत. एकमेकांपासून इतक्या लांबची माणसं, पण फुंकर मात्र दोघांनाही आठवली! सुश्रुतसंहितेत नाभीपासून निघणाऱ्या २४ धमन्या सांगितल्या आहेत. रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयातच येतं, हे विल्यम हार्वेनं १६२८ मध्ये मांडलं.

आता थोडं मागे, जगन्मोहन राजवाड्याकडे. १९३०च्या दशकात तिथे टी. कृष्णमाचार्यांची योगशाळा होती. पुढे पुण्याला आलेले बी. के. एस. अय्यंगार तिथलेच विद्यार्थी. कृष्णमाचार्य नाडी थांबवतात अशी त्यांची ख्याती. तेरेझ ब्रॉस या फ्रेंच डॉक्टरबाई १९३५ मध्ये यंत्र घेऊन भारतात आल्या आणि त्यांनी योग्यांचे हृदयालेख काढले. नंतर वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी पुन्हा तपासणी करून १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि मनगटातली नाडी लागेनाशी होते, पण हृदयालेखात हृदयाचं काम चालूच दिसतं. मला यात योग्यांची फजिती दिसत नाही. स्वतःच्या शरीरावर एवढा ताबा काय कमी आहे?

पण त्यातली एक गोष्ट घरी उपयोगाची आहे. मनगट म्हणजे रस्त्याचं शेवटचं टोक. तिथे नाडी लागली नाही म्हणजे हृदय थांबलंच असं नाही. म्हणून बेशुद्ध माणसाची नाडी प्रशिक्षित लोक मानेत, श्वासनळीच्या बाजूला बघतात. ती कॅरोटिड. हे नाव गुंगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं, कारण ती दाबली तर माणूस बेशुद्ध होतो असं जुन्या लोकांना माहीत होतं. तेव्हा स्वतःच्या मानेवर जोर लावून बघू नका, आणि दोन्ही बाजू एकदम तर कधीच दाबू नका. आणि कुणी आपल्यासमोर कोसळलं तर नाडी शोधत बसू नका, आधी १०८ला फोन करा.

बन्नीमंटपाला पोचलात की चप्पल काढून कुठेतरी टेका. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत, हळूच दोन बोटं ठेवा. तिथे लागते ती डॉर्सालिस पेडिस. काहींना ती पटकन सापडत नाही. मामांची सापडली, आणि मामींनी तिचं नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.