आमच्या गोठ्यांतील लिफ्ट

ज्या घरांत तीन पिढ्या अमरकोश घोकला गेला, त्या घराच्या गोठ्यांत आज मोटार उचलण्याचें यंत्र उभें आहे, हें ऐकून वाचकांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. आम्हांस तर प्रथम रागच आला होता. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमचें मत पालटलें. तें कसें पालटलें, हें सांगण्यांत घरोघरच्या वडील मंडळींच्या उपयोगी पडण्यासारखें थोडेंबहुत असावें, असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमचें घर शहापुरास. नोकरी मात्र बहुतेक मुरबाड तालुक्यांतील शाळांतून झाली. शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचें. संस्कृत तेवढें आजोबांपाशीं बसून केलेलें. आमचे चिरंजीव मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत हिशेबाचें काम पाहतात. दहावीनंतर आय. टी. आय. मध्यें जाऊन मोटारीचें काम शिकण्याचा त्यांनीं हट्ट धरिला होता. "हात काळे करावयास का तुला शिकविलें?" एवढ्या एका वाक्यानें आम्हीं तो हट्ट मोडला. मुलगा वाणिज्य शाखेकडे गेला, पदवीधर झाला, नोकरीस लागला; आणि आम्ही आपल्या दूरदृष्टीवर संतुष्ट राहिलों.

पण रविवार उजाडला कीं हे कचेरींतील गृहस्थ गोठ्यांत शिरत. गाई गेल्यापासून गोठा रिकामाच होता. तेथें त्यांनीं एक जुनी मारुती आठशें आणून ठेविली होती. या जातीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरांत ग्राहकाच्या हातीं पडली आणि २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें; तेव्हां आतां ती मोटारींतील आजीबाईच म्हणावयाची. आजीबाईंची दुखणींही तशींच. जॅक लावावा, चाकांस दगडांच्या उटी द्याव्या आणि उताणें पडून खालीं सरकावें, असा चिरंजीवांचा क्रम असे.

माघांतील एका रविवारीं ते असेच गाडीखालून निघून पाना शोधण्याकरितां पडवींत आले. मागोमाग गोठ्यांतून धाडकन् आवाज झाला. जमीन ओलसर होती. जॅकचें बूड सरकलें आणि गाडी खालीं बसली. आम्हीं जाऊन पाहिलें तों चिरंजीवांची एक चप्पल गाडीखालीं राहिली होती व ती पापडासारखी चपटी झाली होती. कोणी कांहीं बोललें नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं ती चप्पल टाकून मात्र दिली नाहीं. ओटीवरच्या कोनाड्यांत, जातां-येतां आमच्या दृष्टीस पडेल अशी ती ठेविली.

त्यानंतर आठवड्यानें चिरंजीव जेवतांना म्हणाले, "अण्णा, घरीं लिफ्ट बसवावी म्हणतों." खर्च लाखाच्या वर. दुकानदाराच्या कामाची वस्तु गृहस्थाच्या घरीं कशास, असें म्हणणार होतों. पण पानावरून उठून हात धुण्यास जातांना कोनाड्याकडे नजर गेली, आणि आम्हीं होकार दिला.

या यंत्राचें तत्त्व जुनें आहे. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला म्हणजे तो सर्वत्र सारखा पोंचतो, हें ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत मांडलें. त्याचा तो प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं, छापला गेला. लहान दट्ट्यावर थोडा जोर दिला तर मोठ्या दट्ट्यावर क्षेत्रफळाच्या मानानें पुष्कळ जोर मिळतो. मात्र मोठा दट्ट्या त्याच मानानें सावकाश सरकतो. १७९५ सालीं जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें या तत्त्वावर दाबयंत्राचें पेटंट घेतलें. मोटार उचलण्याच्या कामीं तें आणिलें अमेरिकेंतील मेम्फिस शहराच्या पीटर लुनाटी यानें, १९२५ च्या सुमारास. आणि ही कल्पना त्यास न्हाव्याच्या वरखालीं होणाऱ्या खुर्चीवरून सुचली असें सांगतात. मोठी युक्ति कोणत्या दारीं भेटेल याचा नेम नाहीं!

आमची लिफ्ट दोन खांबांची. प्रत्येक खांबाच्या पोटांत तेलाची एक नळी. विजेचा पंप त्यांत तेल ढकलतो आणि खांबांवरील दोन दोन हात मोटारीस चार ठिकाणीं आधार देऊन वर नेतात. एक बाजू पुढें व एक मागें राहूं नये म्हणून दोन्ही बाजू पोलादी दोरांनीं एकमेकींस बांधलेल्या असतात. यंत्राची शक्ति चार टनांची. आमच्या आजीबाईंचें वजन सातशें किलोंच्या आंत. गोठ्याच्या आढ्याखालीं चौदा फूट उंची होती, तीही पुरेशी ठरली. आतां कांहीं अडचण उरली नाहीं, असें सर्वांनीं धरून चाललें.

वैशाखांत टेंपोंतून खांब आले. बसविणारे गृहस्थ गोठ्याच्या कोब्यावर पाय आपटून म्हणाले, "काका, जमीन चांगली आहे. भोंकें पाडून बोल्ट ठोकतों; संध्याकाळपर्यंत गाडी वर!" चिरंजीवांनाही घाई होती. आम्ही मात्र खोक्यांतून निघालेली पुस्तिका घेऊन ओटीवर बसलों होतों.

अकराव्या शतकांतील भोज राजाच्या नांवावर असलेल्या समरांगणसूत्रधार ग्रंथांत एकतिसावा अध्याय यंत्रांचा आहे. तेथें ग्रंथकार यंत्रांची वाखाणणी पुष्कळ करितो, पण घडण सांगत नाहीं; आणि आपण ती सांगत नाहीं ती गुप्ततेसाठीं, अज्ञानामुळें नाहीं, असेंही बजावितो. या पुस्तिकेंत उलट सर्व कांहीं उघड सांगितलेलें होतें. फक्त वाचणारा कोणी नव्हता. आमचें इंग्रजी बेताचें. शेजारीं कोश ठेवून, पदच्छेद आणि अन्वय लावीत, एखाद्या टीकाग्रंथासारखी आम्हीं ती वाचली. मीमांसकांनीं विधि कोणता आणि नुसती स्तुति कोणती हें ओळखण्यास शिकविलें आहे. त्या दृष्टीनें पाहतां ‘मस्ट’ जेथें होतें तेथें विधि, आणि ‘शुड’ होतें तेथें शिफारस, असा अर्थ लागला. जमिनीसंबंधीं जें वाक्य होतें त्यांत ‘मस्ट’ होतें: काँक्रीट सव्वाचार इंचांपेक्षां कमी जाड नसावें, सांगितलेल्या ताकदीचें असावें, आणि ओतल्यापासून अठ्ठावीस दिवस पुरे झालेले असावे.

आम्ही म्हणालों, "एका कोपऱ्यांत खणून पाहूं." बसविणारे गृहस्थ हंसले, "शंभर ठिकाणीं असेंच बसविलें आहे, काका," म्हणाले. तरी पहार मारविली. वर दोन बोटें कोबा, खालीं भुसभुशीत मुरूम, आणि त्यांत घुशीचें हातभर लांब बीळ निघालें! गृहस्थ गप्प झाले, आणि चिरंजीवांनीं आमच्या हातांतील पुस्तिका मागून घेतली.

दुसऱ्या दिवशीं गवंडी बोलाविला. हा आमचाच एक जुना विद्यार्थी. त्यानें बीळ पाहिलें, खांबांकडे पाहिलें आणि म्हणाला, "गुरुजी, ह्यो कोबा गाईसाठीं केलेला. गाय चार पायांवर उभी ऱ्हाते. तुमची मोटार दोनच पायांवर उभी ऱ्हाणार, अन् पुढं-मागं झुकायला बघणार. बोल्ट निघायचा नाय, पर त्याच्यासंगं जमीनच उपटून येईल." पुस्तिकेंत एक पानभर लिहिलेलें त्यानें चार वाक्यांत सांगितलें. शाळेंत गणितांत यास आम्हीं कितीदां तरी उभें केलें होतें, तें त्या वेळीं आठवलें.

जुनी जमीन उखडली. मुरूम धुम्मसानें चोपला, दगडी सोलिंग केलें, वर सळयांची जाळी बांधली. सहा इंच काँक्रीट ओतावयाचें ठरलें. पण पाणी कोठें होतें? १८९२ सालीं पुरें झालेलें तानसा धरण आमच्याच तालुक्यांत. पुढें झालेलें भातसा धरणही येथलेंच. त्यांचें पाणी मुंबईस जातें, आणि वैशाखांत आमच्या तालुक्यांतील कित्येक पाडे टँकरची वाट पाहत बसतात. सिमेंट वाळून घट्ट होतें ही समजूत चुकीची आहे. पाण्याशीं संयोग पावून तें घट्ट होतें, म्हणून ओतल्यावर तें कित्येक दिवस भिजत ठेवावें लागतें. शेजारच्या बायका हंडे घेऊन उभ्या असतां मोटारीच्या जमिनीस पाणी पाजावयाचें, हें सौभाग्यवतींस पटेना. आम्हांसही पटलें नाहीं. पाऊस पडेपर्यंत थांबावयाचें, आणि तोंवर गाडीखालीं जावयाचें नाहीं, असें चिरंजीवांकडून आम्हीं वचन घेतलें. तें त्यांनीं पाळलें, हें येथें नमूद केलें पाहिजे.

मृगाचा पाऊस त्या वर्षीं वेळेवर आला. पागोळ्यांखालीं पिंपें लाविलीं आणि त्याच पाण्यानें गोठ्याच्या छपराखालीं काँक्रीट ओतलें. दुसऱ्या दिवशीं त्यावर भाताच्या खाचरासारखे मातीचे लहान बांध घालून पाणी कोंडलें. सकाळ-संध्याकाळ तें पाहणें हें काम आम्हीं आपण होऊन अंगावर घेतलें. भिंतीवर कोळशानें रोज एक रेघ ओढीत होतों. अठ्ठाविसावी रेघ आषाढांत पडली. मग तेच बसविणारे गृहस्थ आले. त्यांनीं भोंकें पाडून आंतली धूळ फुंकून काढली, प्रत्येक खांबास पांच बोल्ट घातले, आणि पुस्तिकेंत दिलेल्या मापानें ते आवळले. या खेपेस पुस्तिका त्यांच्याच हातांत होती.

पहिल्यानें गाडी वीतभर उचलून थांबविली, हलवून पाहिली, मग वर नेली. वर जातांना खांबांतून खट्, खट् असा आवाज येत होता. चिरंजीवांनीं समजाविलें: खांबाच्या आंत ठराविक अंतरावर खांचा असतात व गाडी चढतांना एक लोखंडी अडसर त्यांत पडत जातो. हव्या त्या उंचीवर पोंचल्यावर गाडी किंचित् खालीं सोडून त्या अडसरावर टेकवितात, आणि मगच माणूस खालीं जातो. तेलानें उचलावयाचें आणि लोखंडानें धरावयाचें, असे हे दोन निराळे व्यवहार आहेत. तेलाची नळी फुटेल, वीज जाईल. अडसर पडलेला असला म्हणजे भार त्यावर राहतो.

श्रावणांतील एका संध्याकाळीं याचा पडताळा आला. चिरंजीव गाडीखालीं उभे राहून काम करीत होते आणि आम्ही जवळच स्टुलावर बसलों होतों. वादळ सुटलें आणि वीज गेली. त्या काळोखांत आमच्या डोळ्यांपुढें एकच वस्तु उभी राहिली, ती चपटी चप्पल. तोंडून शब्द फुटेना. इतक्यांत अंधारांतून चिरंजीवांचा शांत आवाज आला, "अण्णा, भिऊं नका. अडसरावर आहे." आम्हीं विजेरी लाविली. गाडी जागची हललेली नव्हती.

त्या रात्रीं वीज आलीच नाहीं. आजीबाई अधांतरीं निजल्या. आम्हांस झोंप लागेना, म्हणून मध्यरात्रीं गोठ्यांत गेलों आणि खांबास हात लावून उभे राहिलों. ज्या मुलास आम्हीं शिकविलें, परीक्षांतून वर वर नेलें, त्यास कोठें टेकावयाचें आहे हें आम्हीं कधीं विचारलें होतें काय? उत्तर देण्यास तेथें दुसरें कोणी नव्हतें, आणि त्याची जरूरही नव्हती.

सकाळीं वीज आली. गाडी उतरवावयाची तर आधीं ती थोडी वर न्यावी लागते, म्हणजे अडसर मोकळा होतो. मग तो ओढून धरावयाचा आणि तेल हळूहळू सोडावयाचें. तत्पूर्वीं अर्धवट राहिलेलें काम पुरें करण्यास चिरंजीव खालीं गेले. आम्ही म्हणालों, "तुला त्या वेळीं आय. टी. आय. ला जाऊं द्यावयास हवें होतें." खालून कांहीं वेळ उत्तर आलें नाहीं. मग एक हात बाहेर आला. "अण्णा, बारा नंबरचा पाना द्या."

आम्हीं चौदाचा दिला; तो परत आला. मग बाराचा शोधून दिला. घरांत गेल्यावर सौभाग्यवतींनीं आमच्या हातांकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां साबण पुढें केला. कोनाडा त्या दिवसापासून रिकामा आहे.