गोळ्या अजून चालू आहेत

13 जून 2023, परळ
कागदावर शेवटी नाव आलं: अ‍ॅक्यूट लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया. न उतरणारा ताप, कुठं न आपटता पिंडऱ्यांवर उठणारे निळे डाग, "मम्मी, उचलून घे, पाय दुखतात" ही रोजची भुणभुण. तिन्हींचं मूळ एकच निघालं. अस्थिमज्जेत बिघडलेल्या पांढऱ्या पेशींनी जागा अडवली आहे, चांगल्या रक्ताला तयार व्हायला वावच नाही. धाकटा चार वर्षांचा आहे.

डॉक्टरांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली. इंडक्शन, कन्सॉलिडेशन, पुढं आणखी दोन टप्पे आणि मग लांबच लांब मेन्टेनन्स. रेघेच्या टोकाला त्यांनी 2025 लिहिलं. हे नुसते त्या आकड्याकडं बघत बसले. मी शिक्षिका, मला टक्केवारी हवी होती. श्रीमंत देशांत आता शंभरातली नव्वदच्या आसपास मुलं बरी होतात म्हणाले. आपल्याकडं कमी. मुलं उशिरा येतात, जंतुसंसर्ग होतो आणि काही घरं उपचार अर्धवट सोडून जातात. "यातलं शेवटचं तेवढं तुमच्या हातात आहे," एवढं बोलून त्यांनी पुढची फाईल ओढली.

थोरलीची शाळा परवा सुरू होते. चौथी. वह्यांना कव्हर घालायची राहिली आहेत.

24 जून
स्टेरॉइडची भूक. रात्री दोन वाजता बटाट्याची भाजी मागतो, तीही भुर्जीसारखी कुस्करलेली नको, फोडींची. मीठ कमी घातलं की ओळखतो आणि ताट ढकलतो. गाल एवढे सुजलेत की डोळे बारीक झालेत. जो पोरगा नवी चप्पल दिसली तरी हसायचा, तो सकाळपासून माझ्याकडं पाठ करून बसलाय. शेजारच्या खोलीतली बंगाली आई म्हणाली, "दवा का गुस्सा है, बच्चे का नहीं." हे मला डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण रात्री दोन वाजता तिचंच आठवतं.

कॉटन ग्रीनच्या सेंट ज्यूडमध्ये खोली मिळाल्यापासून निदान ओटा माझा आहे. बाहेरगावच्या अशा मुलांसाठी ही संस्था 2006 मध्ये मुंबईत सुरू झाली. कच्चं काही नाही, कोशिंबीर नाही, पाणी उकळून. इथल्या बायका एकमेकींना 'जेवलीस का' विचारत नाहीत, 'काउंट किती' विचारतात, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती.

3 जुलै
आज पाठीतलं इंजेक्शन. मेंदूभोवतीच्या पाण्यात नेहमीचं औषध नीट पोचत नाही, म्हणून मणक्यातून मेथोट्रेक्सेट देतात. बाहेर बसले असताना डोकं दुसरीकडं वळावं म्हणून फोनवर वाचत होते आणि वाचता वाचता या रस्त्यांचीच गोष्ट हाती लागली.

दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये ल्युकेमियानं गेल्या. तेव्हा या आजारावर कुणाकडंच काही नव्हतं, टाटांकडंही नाही. दोराबजींच्या ट्रस्टनं हे टाटा रुग्णालय उभं केलं ते 1941 मध्ये. म्हणजे ही इमारतच मुळात याच आजारातून आली आहे. मेहेरबाई गेल्या त्याच सुमाराला, इथून चालत जाता येईल अशा हाफकिन इन्स्टिट्यूटशी जोडलेल्या कामात ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईच्या गरीब गरोदर बायकांचा, गिरणीत राबणाऱ्यांचाही, पंडुरोग अभ्यासत होती. यीस्टच्या अर्कानं त्या सुधारतात हे तिनं 1931 मध्ये दाखवलं. त्या अर्कातलं द्रव्य पुढं फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखलं गेलं. गरोदरपणात दवाखान्यातून मिळतात त्या गोळ्या तेच. बोस्टनच्या सिडनी फार्बरना वाटलं, वाढणाऱ्या पेशीला हे लागतं, तर बिघडलेल्या पेशीला त्याच्या उलटं काही देऊन उपाशी मारता येईल का? ते उलटं औषध, अमिनोप्टेरिन, लेडर्ले कंपनीतल्या ज्या गटानं बनवलं त्याचे प्रमुख होते भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. 1948 मध्ये फार्बरनी लिहिलं: 16 मुलांपैकी 10 जणांना उतार पडला. तात्पुरता, पण पडला. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. सुब्बाराव त्याच वर्षी वारले.

मी इतकी वर्षं आठवीला जीवनसत्त्वं शिकवते आणि यातलं एक नाव पाठ्यपुस्तकाबाहेर मला माहीत नव्हतं. आत धाकट्याला पालथं झोपवून ठेवलं होतं. "डोकं वर करायचं नाही" हे सांगायला तिथली मावशी बसली होती. ती माझ्यापेक्षा जास्त कामाची.

19 जुलै
इंडक्शन संपलं. अस्थिमज्जेत बिघडलेल्या पेशी दिसत नाहीत. घरी, कराडला फोन केला तर पलीकडं पेढे आणायची भाषा. मोठे दीर म्हणाले, "आता बरा झाला ना? मग कधी येताय?" 'दिसत नाहीत' आणि 'नाहीत' यांतलं अंतर फोनवर समजावता येत नाही. इथूनच लोक घरी परततात, ते पुन्हा येतात तेव्हा आजार उलटलेला असतो. पेढे नको म्हटलं.

30 ऑगस्ट, राखी पौर्णिमा
थोरलीला घेऊन हे महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आले. दादरला उतरेपर्यंत तिला शिंका सुरू झाल्या. काउंट खाली, त्यामुळं तिला खोलीत घेता येईना. फाटकाशी उभं राहून तिनं राखी यांच्या हातात दिली आणि यांनी वर येऊन बांधली. धाकटा रुसला: "पप्पा बहीण असतात का?"

खाली जाऊन बघते तर तिचे केस कानापर्यंत कापलेले. आमच्या मजल्यावरच्या दोघीतिघींचे डोळे भरून आले, भावासाठी केलं म्हणून. मी विचारलं तर म्हणाली, "आजीचे वेणी घालताना हात दुखतात." एवढंच. मग प्रगतिपुस्तक काढलं, सही करायला. आईच्या सहीच्या जागी तोवर आजीचा अंगठा होता.

रात्री ती डोंबिवलीला वन्संकडं राहिली. तिच्याशी दिवसभरात मी फाटकाच्या आडून बोलले, तेही अभ्यासाचंच. आजारी मुलाच्या घरी लोक खेळणी आणतात, फळं आणतात. दुसऱ्या पोराला एक दिवस बागेत न्यावं, हे कुणाला सुचत नाही.

22 सप्टेंबर
रात्री ताप 101. इथला नियम आईबापांना पाठ असतो: 100.4 ओलांडला की सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन ताप दडपायचा नाही, थेट कॅज्युअल्टी. पांढऱ्या पेशी नसताना साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरतो. पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

पण गणपतीतली रात्र, आणि मधे लालबाग. टॅक्सी माणसांत रुतली. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, फाईल वर धरा." खिडकीतून फाईल बाहेर काढली. एका मंडळाच्या पोरानं ती पाहिली, शिट्टी वाजवली आणि दोरी धरलेल्या चौघांनी गर्दी दोन्ही बाजूंना सारली. या भागात ती फाईल कशाची, हे कुणाला सांगावं लागत नाही.

9 ऑक्टोबर
प्लेटलेट दहा हजार. साखर कारखान्यातले यांचे तिघे सोबती प्लेटलेट द्यायला रात्रीच्या एसटीनं आले. गळीत हंगामाची तयारी चालू, रजा कशी मिळवली विचारलं तर हसले. एकाच्या हातावर शीर सापडेना, एकानं आदल्या दिवशी डोकेदुखीला अ‍ॅस्पिरिन घेतली होती म्हणून परत पाठवला. तिसऱ्याचं जुळलं. तास-दीड तास यंत्राला हात लावून पडून होता. प्लेटलेट पाच दिवसांवर टिकत नाहीत, म्हणून पेढीत कितीही साठवल्या तरी पुरत नाहीत.

11 नोव्हेंबर
दिवाळीला आई (सासूबाई) आल्या. सोबत चकली, आणि पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली सदाफुलीची पानं. व्हिन्क्रिस्टिन या फुलापासून निघतं असं कुणीतरी सांगितलं, मग रस का देऊ नये? बातमी खरी आहे. पण थोडंसं औषध काढायला शेकडो किलो पानं लागतात आणि त्याच पानांत इतर विषारी द्रव्यंही असतात. ते मोजून शिरेतून दिलं तर औषध, वाटून पाजलं तर अंदाजपंचे. मी समजावलं, त्यांना पटलं असं नाही. पालीच्या खंडोबाचा नवस मात्र मी अडवला नाही. "जावळ गेलं तर जाऊ दे, देवाला दुसरं देऊ," असं त्या टकलावर हात फिरवत म्हणाल्या.

18 मार्च 2024, कराड
मेन्टेनन्स सुरू. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, महिन्याला मुंबईची फेरी. केस उगवलेत, आधीपेक्षा कुरळे. गल्लीत सायकल चालवतो. दिसायला ठणठणीत, आणि खरा धोका इथंच आहे. स्मिता भाटियांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात, ठरलेल्या गोळ्यांपैकी 95 टक्क्यांपेक्षा कमी घेतलेल्या मुलांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. गोळीची खूण कॅलेंडरवर करायचं काम थोरलीनं मागून घेतलं. तिनं ते घेऊ नये असं मला वाटतं. नऊ वर्षांच्या मुलीकडं भावाच्या गोळ्यांचा हिशोब नको. खूण मीच करते, तिला गाण्याच्या क्लासला घातलंय. चिडली आहे.

12 जून 2024
धाकटा शनिवारपासून मोठ्या गटात. वर्गाच्या बाईंना चिठ्ठी लिहिली, तीच इथं उतरवून ठेवते:

"बाई, याचा आजार संसर्गजन्य नाही, दुसऱ्या मुलांना त्याच्यापासून काही होणार नाही. त्यांच्यापासून त्याला होऊ शकतं. त्याच्या गोळ्या अजून वर्षभराहून जास्त चालतील, तोवर काही लशीही त्याला देता येत नाहीत. वर्गात कुणालाही कांजिण्या किंवा गोवर निघाला तर कृपया त्याच दिवशी फोन करा, रात्री कितीही वाजले असले तरी. बाकी त्याला इतरांसारखंच ओरडा."