बिनसाखरेची पंगत

आनंदाची वार्ता आली की हातावर साखर ठेवावी, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. मूल जन्मले, पेढे वाटा. परीक्षा उतरली, पेढे वाटा. सोयरीक जुळली, तोंड गोड करा. गोडाशिवाय सण साजरा होतो ही कल्पनाच आपल्या मनाला मानवत नाही. पूर्वी वाढदिवसाला औक्षण आणि वाटीभर खीर पुरे होत असे. आता आमच्या पुलगावसारख्या गावातही केक, शीतपेये आणि परत जाताना प्रत्येक मुलाच्या हाती चॉकलेटची पुडी, एवढे झाल्याशिवाय बालगोपाळांचा समारंभ पुरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवले की, वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावा, पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास उत्तमच. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली शाळाशाळांतून साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले. परंतु फलक शाळेच्या भिंतीवर राहतो आणि वाढदिवस घरी होतो.

आमच्या घरी हा विषय निघाला तो मात्र कोणत्याही फलकामुळे नव्हे. गेल्या डिसेंबरात आमच्या नातीला नववे वर्ष लागायचे होते. बेत ठरवायला आम्ही उभयता बसलो, तेव्हा ती म्हणाली, "आजी, तिलाही खाता येईल असंच सगळं करायचं. वेगळी ताटली नको." 'ती' म्हणजे तिची वर्गमैत्रीण. वडील दारूगोळा भांडारात नोकरीस, मुलगी हसरी आणि चपळ. तीन वर्षांपूर्वी तिला मधुमेह जडला. तेव्हापासून कुणाच्याही वाढदिवसाला तिच्या पुढ्यात वेगळी ताटली येते, किंवा मग ती आलीच नाही तर बरे, असे यजमानांना मनातून वाटते.

मुलांना होणाऱ्या या मधुमेहाविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. गोड खाल्ल्याने तो होतो, हा पहिला. वस्तुतः शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात मुलाचा दोष नाही, आईच्या लाडांचाही नाही. इन्सुलिन बाहेरून, दिवसातून अनेकदा, टोचून घ्यावे लागते. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम देण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस अधिक जगवणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. शंभर वर्षांत केवढे अंतर कापले गेले! आता अशा मुलाच्या वाट्याला उपासमार येत नाही. एकटेपणा मात्र येतो.

शेजारच्या वहिनींनी सुचवले, "साखर नको तर गूळ घाला की!" सूचना प्रेमाची होती आणि आमच्या मातीतलीही. पुलगावाहून वर्धा किती दूर? तेथील मगनवाडीत १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यातले. गिरणीतील साखरेपेक्षा गावचा गूळ बरा, विशेषतः ताडाचा, हे त्यांनी हयातभर सांगितले. गूळ केल्याने गावातल्या हातांना काम मिळते, हा त्यांचा मुद्दा आजही खोटा ठरलेला नाही. पण रक्तातील साखरेला अर्थशास्त्र कळत नाही. गुळात थोडेफार क्षार असले तरी मधुमेही मुलाच्या हिशेबात तो साखरच. मध आणि खजूर यांचेही तेच. दुकानातल्या 'शुगर फ्री' केकात साखर नसली तरी मैदा असतोच, आणि त्याची पोटात जाऊन साखरच होते.

तेव्हा आम्ही सरळ मुलीच्या आईला बोलावले. ती माउली वही घेऊन आली. कशात किती कर्बोदके, हे तिला तोंडपाठ. एका मध्यम संत्र्यात सुमारे १५ ग्रॅम, हे आम्हांला तिच्याकडूनच कळले. फळ सालपटापुरते सोलून खावे, रस काढू नये, हेही तिने बजावले. चोथ्यासह खाल्लेले फळ सावकाश पचते, रस मात्र झरकन रक्तात उतरतो. दोघींनी मिळून यादी केली. मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा, हंगाम त्यांचाच होता. ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, त्यात शेंगदाणे मोकळ्या हाताने. उकडलेली अंडी, जिऱ्याचे ताक, संत्री. आणि कापायला काय? गोल डब्यात उकडलेला मूगडाळीचा जाड ढोकळा, वर पांढऱ्याशुभ्र चक्क्याचा थर, त्यावर सांबार आणि ओले खोबरे. इतर प्रांतीच्या वाचकांसाठी सांगायचे तर आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात!

जाता जाता ती म्हणाली, "आजी, एक वस्तू मात्र हाताशी असू द्या. ग्लुकोज." धावपळ झाली की या मुलांची साखर एकाएकी उतरते, मग हात थरथरतात, घाम फुटतो, आणि त्या क्षणी साखर हेच औषध असते. बिनसाखरेच्या समारंभात साखरेची पुडी आम्ही सर्वांत जवळच्या फळीवर ठेवली.

आणि ती लागलीही. अंगणात लंगडीचा डाव रंगला असता ती मुलगी मटकन खाली बसली. आईने बोट टोचून पाहिले, ग्लुकोज पाण्यातून दिले, आणि पंधरा मिनिटे थांबायला सांगितले. मुले गोलाकार उभी. एकाने विचारले, "दुखतं का?" ती म्हणाली, "सवय झाली." मेणबत्त्या लावून तयार होत्या, नातीने त्या विझवून टाकल्या आणि मैत्रिणीशेजारी पायरीवर जाऊन बसली. पुन्हा बोट टोचले, आकडा वर आला, तेव्हा कुठे ढोकळा कापला गेला. तुरीच्या शेंगा सोलण्याची अशी काही शर्यत लागली की केक कुठे आहे, असे कुणीही विचारले नाही. एका मुलाने मात्र चॉकलेट नाही म्हणून तोंड फुगवले, हेही नमूद केले पाहिजे.

ताटातून साखर काढणे हे तसे सोपे काम. हिशेबाची वही हवी, थोडा हंगाम ओळखता यायला हवा. अवघड आहे ते ताटली वेगळी न करणे. पूर्वी आपल्या समाजात पंगती कोणकोणत्या कारणांनी वेगळ्या होत, ते आपण विसरलेलो नाही. आजारपणामुळे वेगळी होणारी पंगत दिसायला दयाळू असते, एवढाच फरक. बाजूला बसलेल्या मुलाला तो जाणवत नाही.

फेब्रुवारीत त्या मुलीच्या घरून बोलावणे आले. तुरीच्या शेंगा संपल्या होत्या. त्यांनी ओला हरभरा भाजायचा बेत केला होता. आजार जडल्यापासून तिचा वाढदिवस त्या घरात साजरा झाला नव्हता.