रेडिएटर गार, नळ गरम

इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत खिडकीखाली भिंतीला एक पांढरी, चपटी, लोखंडी पेटी टांगलेली असते. तिला रेडिएटर म्हणतात. गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, ते तांब्याच्या नळ्यांतून घरभर फिरतं, प्रत्येक खोलीत ऊब सोडतं आणि गार होऊन परत बॉयलरकडे येतं. नळाला येणारं पाणी वेगळं. हे आतलं पाणी वर्षानुवर्षं त्याच फेऱ्यात असतं. आपल्या मराठवाड्यात थंडी म्हणजे दोन महिन्यांची शेकोटी आणि गोधडी, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. पुढची सगळी गोष्ट या पाण्याच्या फिरण्याची आहे.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं जानेवारीत ब्रॅडफर्डला होतो. नात तीन आठवड्यांची. एका पहाटे उठलो तर सगळं घर गार पडलेलं. तिथे बाळ-बाळंतिणीला बघायला घरी येणाऱ्या नर्सने सांगून ठेवलं होतं की बाळाच्या खोलीत १६ ते २० अंश तापमान हवं. खोलीतल्या थर्मामीटरवर तेरा होते आणि बाहेर बर्फ. माझ्या बायकोला बाळंतिणीच्या शेकशेगडीची काळजी. ती म्हणाली, घमेल्यात कोळसे पेटवून खोलीत ठेवू. मी साफ नाही म्हटलं. तिथली घरं दार-खिडक्या लावल्या की डब्यासारखी बंद होतात. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो, त्याला वासही नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. आपल्या उघड्या पडवीतली शेगडी तिथे चालत नाही.

जावयाने बॉयलरची देखभाल करणाऱ्या कंपनीला फोन केला. दुपारी त्यांचा माणूस आला. बॉयलर पेटायचा, दोन-तीन मिनिटांत विझायचा, थोड्या वेळाने परत पेटायचा. त्याने वीस मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला. बॉयलर पंचवीस वर्षांचा झालाय, सारखा बंद पडतोय, नवा घ्या. अडीच हजार पौंड, म्हणजे आपले अडीच लाखांच्या वर. बसवायला पुढचा गुरुवार, म्हणजे आठ दिवसांनी. तोवर विजेचे हीटर लावा. जावई रात्रपाळीला गाडी चालवतो. तो कागदावर हप्ते मांडायला लागला आणि लेक बाळाला शालीत घट्ट गुंडाळून गप्प बसून राहिली.

माझ्या बायकोला इंग्रजी येत नाही. त्या माणसाचं बोलणं लेकीने तिला समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “बॉयलर बंद पडलाय म्हणता, मग फजरच्या वजूला नळाला पाणी कढत कसं आलं?”

या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या चाचांनी दिलं. चाचा सत्तरी ओलांडलेले, मूळ मीरपूरचे. पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये झेलम नदीवर मंगला धरण बांधलं, ते १९६७ साली पूर्ण झालं आणि जुनं मीरपूर पाण्याखाली गेलं. तिथले कितीतरी लोक ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांत कामाला आले. चाचाही आधी गिरणीत होते. गिरण्या बंद पडत गेल्यावर हीटिंगच्या कामाला लागले आणि त्यात तीस वर्षं काढली. त्यांनी बायकोचा प्रश्न ऐकला आणि हसले. “भाभी ने बीमारी पकड़ ली,” म्हणाले.

आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवून बघा. खाली जाळ, पण गरम पाणी मिळतं वरच्या भागात. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी जड म्हणून खाली बसतं. जुन्या इंग्रजी घरांत याच नियमावर बॉयलरमधून जाड नळ्या वरच्या मजल्यावरच्या तांब्याच्या टाकीला जातात. पाणी आपोआप वर चढतं, टाकीतलं पाणी तापवतं, गार होऊन खाली उतरतं. नळाचं गरम पाणी त्या टाकीतून येतं. त्याला ना पंप लागतो ना वीज. रेडिएटरचा फेरा मात्र वेगळा. बारीक नळ्या, दहा-बारा वळणं, काही वाट खाली जाणारी. तिथे पाण्याला कोणी ढकलल्याशिवाय ते हलत नाही. पूर्वी सगळं घरच जाड नळ्यांवर आणि आपोआप फिरणाऱ्या पाण्यावर चालवत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओपलेंडर यांनी नळीतच बसवायचा, पाण्याला ढकलणारा पंप तयार केला, तेव्हापासून नळ्या बारीक करता आल्या.

म्हणजे नळ गरम आणि रेडिएटर गार असेल तर बॉयलर पाणी तापवतोय. फक्त ते पाणी पुढे जात नाही. तापलेलं पाणी बॉयलरपाशीच साचतं, बॉयलर स्वतःला जपायला विझतो, जरा निवला की परत पेटतो. कंपनीच्या माणसाला जो बॉयलरचा आजार वाटला, तो बॉयलरचा शहाणपणा होता. जुना बॉयलर दिसला की नवा विकायचा, ही सवय लागली की नळीला हात लावून बघायचं सुचत नाही.

चाचांनी सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली. गॅसचं काम करायला ब्रिटनमध्ये गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असावं लागतं, तसा कायदाच आहे. निवृत्तीनंतर त्यांचं कार्ड संपलेलं. “बॉयलरच्या झाकणाला मी बोट लावणार नाही. पंप बाहेर आहे, तेवढं बघू.” काही नव्या बॉयलरमध्ये पंप आतच असतो. तसं असतं तर ते पुढे गेलेच नसते.

पंप होता वरच्या मजल्यावर, टाकीच्या कपाटात. दोन मुठींएवढा. त्यांनी आधी जावयाला थर्मोस्टॅट पार वर करायला लावला, त्याची टिकटिक ऐकली. मग पंपाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांना हात लावला. एक चटका देणारी, दुसरी गार. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवून मुठीकडचा भाग कानाला लावला. हे पाहून मला आमच्या गावचा मोटार बांधणारा आठवला, तोही विहिरीवरच्या मोटारीचा आवाज असाच ऐकायचा. मलाही ऐकवलं. बारीक घूं असा आवाज, पण फिरण्याची थरथर नाही. वायरच्या पेटीत मीटर लावून पाहिलं, २३० व्होल्ट व्यवस्थित येत होते. हे तपासणं महत्त्वाचं. वीजच येत नसती तर दोष थर्मोस्टॅटचा, टायमरचा किंवा वायरचा असता, आणि नवा पंपही तसाच मुका बसला असता.

आपल्या पाणबुडी मोटारीसारखं या पंपाचंही पाण्याशी वैर नसतं. त्याचा फिरणारा भाग त्या नळीतल्या पाण्यातच फिरतो, पाणीच त्याचं वंगण. पण पाणी गढूळ झालं की तोच भाग जाम होतो. जुन्या पंपाच्या तोंडावर मधोमध एक मोठा स्क्रू असतो. वीज बंद करून तो काढला, चमचाभर काळं पाणी आलं, आत दांड्याचं टोक दिसलं. त्यात स्क्रूड्रायव्हर घालून फिरवलं तर हलेना. दांडा मोकळा फिरत असता आणि तरी पंप नुसता घूं करत असता, तर कंडेन्सर गेला असं समजायचं. हा मात्र घट्ट अडकलेला. जोर लावून सोडवला, स्क्रू परत बसवला, वीज दिली. पंप दळणासारखा आवाज करत सुरू झाला. त्या रात्री घर तापलं, बाळ झोपलं. चाचा जाताना म्हणाले, “सुबह तक चले तो ग़नीमत.” पहाटे चारला घर परत गार.

मग नवा पंप आणायचं ठरलं. आधी टेपने माप घेतलं, दोन्ही तोंडांमधलं अंतर १३० मिलिमीटर. तिथल्या घरगुती पंपांचं हे नेहमीचं माप, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा चालतो. शंभर पौंडांच्या आत आला.

चाचांच्या बोटांत संधिवात, म्हणून हात जावयाचे आणि डोकं चाचांचं. मी टॉर्च आणि बादली धरून. आधी बॉयलर बंद करून नळ्या निवू दिल्या. हीटिंगचा फ्यूज काढून चाचांनी स्वतःच्या खिशात टाकला, म्हणजे चुकून कोणी चालू करायला नको. मीटरने वीज गेल्याची खात्री केली. पंपाच्या दोन्ही बाजूंना पाणी अडवायच्या चाव्या असतात, पण वर्षानुवर्षं हात न लागल्याने एक चावी पूर्ण बंदच होईना. तिच्या भरवशावर नट सोडले असते तर माळ्यावरच्या टाकीचं पाणी कपाटात, आणि तिथून खालच्या छतात. म्हणून जावई माळ्यावर चढला. तिथे या फेऱ्यात पाणी भरणारी एक छोटी टाकी असते. तिच्यातला तरंगता गोळा काठीला दोरीने बांधून वर धरला, म्हणजे नवं पाणी येणं थांबलं. खाली रबरी नळी लावून जुनं पाणी अंगणातल्या गटारात सोडलं. ते डांबरासारखं काळं. चाचांनी बादलीत थोडं घेऊन फ्रिजवरचं लोहचुंबक पिशवीत घालून बुडवलं. पिशवी काळ्या केसाळ लेपाने माखून वर आली. रेडिएटर आतून गंजतात, त्या लोखंडाचा हा चुरा. त्यानेच पंप खाल्ला होता.

नट सोडायला दोन मोठे पाइप पाने लागले. एक पकडायला, एक फिरवायला, नाहीतर नळी पिळवटते. जुने वॉशर फेकून नवे घातले. पंपावरचा बाण पाण्याच्या दिशेने, आणि दांडा आडवा. उभा ठेवला तर वर हवा अडकून बेअरिंग लवकर झिजतात. तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी वायर आपापल्या जागी. मग गोळ्याची दोरी सोडली, पाणी भरलं, छोट्या टाकीत गंजरोधक ओतलं आणि एकेका रेडिएटरची हवा चावीने सोडत खालून वर गेलो. हवा सुस्कारे टाकत निघते आणि मग अचानक पाण्याची पिचकारी. जावयाचा शर्ट काळा झाला. सगळं मिळून तीन तास.

पंप सुरू झाला तेव्हा आवाजच येईना. मला वाटलं चाललाच नाही. त्याच्या तोंडावर आकडा होता, २० वॅट. जुना ८० च्या आसपास खायचा. २०१३ पासून युरोपात कमी वीज खाणारेच पंप विकावेत असा नियम आला, त्याचा हा फायदा. पंधरा मिनिटांत बाळाच्या खोलीतला रेडिएटर हात ठेववेना इतका तापला.

लेकीने कंपनीला फोन करून गुरुवार रद्द केला. पलीकडच्या बाईने विचारलं, दुसऱ्या कुणाकडून बॉयलर घेतला का? लेक म्हणाली, नाही, पंप बदलला. चाचा म्हणाले, बॉयलर म्हातारा आहे हे खरंच, दोन-चार हिवाळ्यांत बदलावा लागेल, पण उन्हाळ्यात, तीन ठिकाणी भाव विचारून. पैसे त्यांनी घेतले नाहीत. बायकोने डब्यात दिलेली खिचडी आणि खट्टा मात्र घेतला.

जाण्याआधी त्यांनी जावयाला मार्करने पंपावर तारीख लिहायला लावली. आणि कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी: उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा पंप दहा मिनिटं चालवायचा, आणि दोन्ही चाव्या वर्षातून एकदा फिरवायच्या.