तपकिरी, निळी, काळी

टेबलावर बोटाएवढा सेन्सर होता आणि त्यातून निघालेल्या तीन वायरी: तपकिरी, निळी, काळी. अंगावर बारीक अक्षरांत छापलेलं: एनपीएन, 6 ते 36 व्होल्ट डीसी, 4 मिमी. यातले मला फक्त मिलिमीटर कळले.

मी दिवसभर हिशेबाचं काम करतो. संध्याकाळी तळमजल्याच्या खोलीत एक छोटं मिलिंग मशीन सीएनसी करण्यात दोन वर्षं गेली. जुन्या पीसीवर लिनक्ससीएनसी टाकलं, तिन्ही अक्ष चालायला लागले. राहिला स्पिंडल. मोटर एक एचपीची, थ्री-फेज. घरच्या सिंगल-फेजवर ती चालावी म्हणून ड्राइव्ह लावलेला. प्रोग्रॅममध्ये 'एम3 एस1000', म्हणजे स्पिंडल मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरवण्याची आज्ञा, आली की मी उठून ड्राइव्हचा नॉब अंदाजानं फिरवायचो. फेरे खरोखर किती होतात, हे मला कधीच माहीत नसायचं. मशीननं फेरे स्वतः ठरवावेत आणि मोजून सांगावेत, एवढंच मला हवं होतं.

सुरुवात सेन्सरपासून केली. तपकिरी वायर 24 व्होल्टला, निळी शून्याला. समोर स्क्रूड्रायव्हर धरला की सेन्सरच्या पाठीवरचा लाल दिवा लागायचा, म्हणजे त्याला लोखंड 'दिसत' होतं. पण मल्टिमीटरचं टोक काळ्या वायरीवर ठेवलं तर दिवा लागो की विझो, आकडा शून्यापाशीच. तीन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी शेजारच्या काकांना बोलावलं. ते कारखान्यात मेन्टेनन्सला होते, आता निवृत्त आहेत.

"काका, सेन्सर खराब निघाला बहुतेक. काळ्या वायरीवर काहीच येत नाही."

"येणार कसं? तो व्होल्टेज देत नाही रे, ओढून घेतो. टाकीचं बूच असतं ना, तसा. बूच उघडलं की पाणी जातं. पण आधी टाकीत पाणी तर हवं!"

त्यांनी डबीतून 10 किलोओहमचा रेझिस्टर काढला आणि तपकिरी व काळ्या वायरीच्या मध्ये धरला. मीटरवर 24. स्क्रूड्रायव्हर जवळ नेला, जवळजवळ शून्य. बाजूला घेतला, पुन्हा 24. मी ते दहा वेळा तरी करून पाहिलं. एनपीएन म्हणजे काय, हे मला त्या दोन आकड्यांनी शिकवलं.

हे 24 व्होल्ट पीसीच्या पॅरलल पोर्टला थेट लावले असते तर पोर्ट गेलाच असता. तो 5 व्होल्टचा. म्हणून मध्ये ऑप्टोकपलर घातला. एका बाजूला सेन्सर दिवा पेटवतो, दुसऱ्या बाजूला प्रकाश पडून स्विच होतो; दोन्हींच्या मध्ये तांब्याची जोडणी नाही. स्पिंडलच्या ॲल्युमिनियमच्या पुलीवर समोरासमोर दोन लोखंडी स्क्रू बसवले. एकच लावला असता तर तोल गेला असता. 4 मिमी हे अंतर लोखंडासाठी असतं, ॲल्युमिनियमला ते निम्म्याहूनही कमी होतं. म्हणून सेन्सर स्क्रूच्या डोक्यापासून 2 मिमीवर ठेवला. पुली त्याहून लांब राहिली.

मग ड्राइव्ह. त्याचं झाकण उघडायला गेलो तेव्हा काकांनी माझा हात धरला. आत 230 व्होल्ट एसीचे सुमारे 325 व्होल्ट डीसी होतात आणि स्विच बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही मिनिटं राहतात. आतला दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि तरी मीटरनं मोजायचं, मगच स्क्रूला हात लावायचा. पीसीकडून येणाऱ्या पीडब्ल्यूएमचे 0 ते 10 व्होल्ट करणारा छोटा बोर्ड जोडला, फॉरवर्डच्या टर्मिनलला रिले दिला. 'एम3 एस1000' टाइप केलं. स्पिंडल ढिम्म. ड्राइव्ह अजून स्वतःच्या कीपॅडचंच ऐकत होता. आज्ञा टर्मिनलवरून घे, असं पॅरामीटरमध्ये सांगावं लागतं. ते सांगितलं आणि स्पिंडल फिरला.

पडद्यावर आकडा आला, 16.5.

मी पुन्हा सेन्सरवर संशय घेतला. काका म्हणाले, "आधी हातानं मोज." ड्राइव्ह बंद करून पुली दहा वेळा फिरवली; पडद्यावर वीस नोंदी. सेन्सर बरोबर होता. 16.5 हे दर सेकंदाचे फेरे होते, मी मिनिटाचे समजत होतो. 60 नं गुणलं, 990.

दुसऱ्या दिवशी हाच आकडा नाचायला लागला: 1400, 2300, मध्येच 700. हातानं फिरवताना मात्र मोजणी अचूक. आदल्या रात्री टापटीप म्हणून मी सेन्सरची आणि मोटरची वायर एकाच टायमध्ये बांधली होती. ड्राइव्ह मोटरचं व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो; तो खडखडाट शेजारच्या बारीक वायरीत उतरत होता आणि पीसी त्यालाही फेरे समजत होता. सेन्सरला शील्डेड केबल घातली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, केबल मोटरच्या वायरीपासून वीतभर दूर नेली. आकडा स्थिरावला.

त्या रात्री लोखंडाच्या तुकड्यावर पहिला काप घेतला. कटर टेकला आणि आकडा 990 वरून 948 वर उतरला, बाहेर आल्यावर परत चढला. इंडक्शन मोटर भार आला की थोडी मागे पडते, हे मी वाचलं होतं. ते डोळ्यांनी पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. आता स्पिंडल ठरलेल्या वेगाला पोचल्याशिवाय टेबल काप घ्यायला पुढे सरकत नाही.

पुढचं काम एम6 चे आटे पाडण्याचं. प्रत्येक फेऱ्याला टॅप बरोबर 1 मिमी उतरला पाहिजे आणि उलटं फिरून तसाच बाहेर आला पाहिजे. एक सेन्सर फेरे मोजतो, दिशा सांगत नाही. त्यासाठी खाचांची चकती लागते, दात-खाचेच्या जोडीच्या पाव अंतरानं सरकवलेला दुसरा सेन्सर लागतो आणि फेऱ्याला एकदाच येणारी तिसरी खूण. चकती याच मशीनवर कापायला घेतली आहे. बसवली की पुली आधी हातानं फिरवून मोजणार. ड्राइव्हचं बटण त्यानंतर.