पळसाला पाने तीनच

लिस्बनच का, हे मला अजून नीट कळलेले नाही. 21 किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. अर्ध्या मॅरेथॉनचे हे अंतर जगाच्या पाठीवर कुठेही तेवढेच भरते. सांगलीत हरिपूरच्या रस्त्याला चिंचांखालून खेपा घातल्या तरी भरते, आणि तिथे व्हिसा लागत नाही. तिथली अर्धी मॅरेथॉन पळायला निघालेल्या धाकट्या बहिणीला हे मी म्हणालो. ती म्हणाली, "दादा, तू कधी समुद्राकाठी पळालायस का?" मी म्हटले, पळसाला पाने तीनच. त्यावर ती हसली आणि हळदीच्या भावाबद्दल बोलू लागली. विषय तिच्यापुरता संपला. मी मात्र त्या म्हणीपाशीच घुटमळत राहिलो.

म्हण आमच्या आईची. म्हणजे तिने केलेली नव्हे, पण आमच्या घरात ती तिच्या मालकीची होती. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आटपाडी, जत, मग तासगावकडे अशा बदल्या होत. बदलीचा कागद आला की आई पोत्यात भांडी भरता भरता म्हणायची, "कुठं गेलं तरी पळसाला पानं तीनच." आम्हा पोरांना ते शहाणपण वाटे. आता वाटते, ती स्वतःची समजूत काढत होती. कारण नव्या गावात सामान उतरायच्या आत तिचा पहिला प्रश्न असे, "पाणी गोडं हाय का मचूळ?" जतकडच्या काही विहिरींचे पाणी असे की डाळ शिजता शिजत नसे. जिचा पळसावर खरोखर विश्वास आहे, ती बाई पाण्याची चव कशाला विचारील?

मग म्हटले, पळसच नीट बघावा. माणदेशात तो पाहायला फार हिंडावे लागत नाही. माण तालुक्यात तर पळशी नावाचे गावच आहे. बंगालातल्या प्लासीचे नावही पळसावरूनच पडले म्हणतात. 1757 साली क्लाइव्ह तिथे पोचला तेव्हा त्याने पाने मोजली नसावीत. तर पळसाच्या एका देठाला तीन पाने दिसतात. वनस्पतिशास्त्र सांगते, ही तीन पाने नव्हेतच. एकाच संयुक्त पानाच्या या तीन पर्णिका. म्हणजे देठाला पान एकच. म्हणीचा हिशेब तिथेच कोसळला. बरे, त्या तीन सारख्याही नसतात. मधली मोठी आणि देठाकडे निमुळती, कडेच्या दोन लहान आणि जरा तिरक्या. पत्रावळी लावणाऱ्या बायकांना हे शास्त्राच्या आधीपासून ठाऊक असणार.

आणि तीनच पाहिजेत तर पळसच कशाला? बेलाला तीन, पांगाऱ्याला तीन. तुरीला, घेवड्याला, सोयाबीनला तीन. घेवड्याला पाने तीनच, असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. घेवडा परसात असतो, पळस गाव सोडल्यावर माळाला लागतो. म्हणून मला वाटायला लागले आहे की ही म्हण घरी बसलेल्याची नसावी, वाटेवरच्या माणसाची असावी. कुणी एक जण लांब गेला, तिथेही पळस दिसला, तेव्हा त्याने थांबून पाने मोजली. का मोजली? चौथे सापडेल असे वाटले म्हणूनच ना? नाही सापडले, तसे त्याने येऊन सांगितले. आणि ज्यांनी गावाची वेस ओलांडली नाही त्यांनी ते वाक्य उचलले आणि न जाण्यासाठी वापरायला सुरुवात केली. हा सगळा माझा तर्क आहे. पण तो एकदा डोक्यात शिरल्यावर बहिणीला ती म्हण ऐकवायचा मला काय अधिकार, असे वाटायला लागले.

तसा मी न पळणारा माणूस नाही. साताऱ्यात राहतो, त्यामुळे घाट टाळता येत नाही. इथली हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली आणि 2015 मध्ये डोंगरातल्या शर्यतीत सर्वाधिक धावपटू पळवण्याचा गिनीज विक्रमही तिने केला. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन मागे फिरायचे आणि तोच घाट उतरायचा. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. पावसाळी हवेत धुके असे उतरते की पुढच्याच्या पाठीवरचा शर्ट तेवढा दिसतो. मला ते आवडते. पुढे किती चढ उरला आहे ते दिसत नाही, म्हणून जमते.

बहिणीचे म्हणणे वेगळे. सांगलीची माणसे सपाटीवर वाढलेली. कृष्णा पसरते तितके ते गाव सपाट. ती म्हणाली, "चढण्यात एवढं काय ठेवलंय? मला लांबवर दिसलं पाहिजे." लिस्बनच्या मार्चमधल्या शर्यतीत लांबवर दिसते हे खरे. तेजो नदी अटलांटिकला मिळते त्याच्या थोडे अलीकडे एक लोखंडी झुलता पूल आहे, दोन किलोमीटरहून लांब, पाण्यापासून 70 मीटर उंच. 1966 साली झाला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचे नाव होते. 1974 च्या क्रांतीनंतर क्रांतीची तारीखच पुलाचे नाव झाली, 25 एप्रिल. एरवी त्यावरून पायी जायला बंदी. शर्यतीच्या सकाळी गाड्या थांबतात आणि हजारो माणसे पळत नदी ओलांडतात. शेवट बेलेंला, जेरोनिमॉस मठापाशी. त्या मठात वास्को द गामाचे थडगे आहे. 1497 साली तो तिथल्याच काठावरून निघाला. त्याच्या मागून आलेल्या पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे मिरची, बटाटा, पेरू आले. आज मिरचीवाचून ठेचा होत नाही आणि तिला कुणी परकी म्हणत नाही. बहिणीने बॅगेत तासगावचे बेदाणे भरले होते, पळताना तोंडात टाकायला. ती द्राक्षे थॉमसन सीडलेस, म्हणजे तीही मूळची बाहेरची. हळद तेवढी आपली. ती काही पळताना खात नाहीत.

इथवर आलो आणि मध्येच दातार आले.

सदाशिव दातार, सातारा. 1920 साली बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिंपिक भरले आणि भारताचा पहिला संघ तिथे गेला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी पळताना पाहून दोराबजी टाटांनी हा उद्योग अंगावर घेतला. चार धावपटू आणि दोन मल्ल. मॅरेथॉनला दोघे उभे राहिले: बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि आमचे दातार. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पोचले, 19वे आले. दातारांच्या नावापुढे वेळ नाही. शर्यत पूर्ण केली नाही, एवढीच नोंद.

मला चौगुल्यांचे काही वाटत नाही. म्हणजे अभिमान वाटतो, आणि तिथे थांबतो. दातार मात्र डोक्यातून जात नाहीत. मोहीच्या ललिता बाबरला सगळा जिल्हा ओळखतो. 2016 साली रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती 10वी आली. 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे 1952 चे हेलसिंकी तर पोरांना तोंडपाठ असते. दातारांचे नाव घाटात पळणाऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकलेले नाही. आणि खरे सांगायचे तर घाटात पळणारे आम्ही बहुतेक सगळे दातारांच्या जातकुळीचे. पदक मिळते ते पोचलो म्हणून मिळते, कुणाला हरवले म्हणून नव्हे.

त्यात आणखी एक गोष्ट. अँटवर्पची मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची नव्हती, 42.75 ची होती. ऑलिंपिकमधली आजवरची सर्वांत लांब. 42.195 हा आकडा 1908 च्या लंडनचा, विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांपर्यंतचा. तो कायम ठरला 1921 मध्ये, म्हणजे दातार पळाले त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा अंतर जगाच्या पाठीवर कुठेही तेवढेच भरते, हे माझे वाक्य फार तर शंभरेक वर्षांपुरते खरे. त्याआधी गावागणिक अंतर बदलत होते. दातारांच्या वाट्याला 555 मीटर जास्तीचे आले. ते जास्तीचे मीटर शेवटी येतात आणि दातार शेवटापर्यंत गेले नाहीत, एवढे मलाही कळते. तरी ते मीटर मी कुठेतरी दातारांच्या बाजूने धरतो. हिशेबाला हे बसत नाही. बसू नये.

ते बोटीने गेले. बोटीत पळायला किती जागा मिळत असेल? पायांत बूट किती दिवसांचे असतील? शर्यतीच्या दिवशी ऑगस्ट असून हवा गार होती, पावसाळी. साताऱ्याच्या माणसाला एवढ्याने काही होत नाही. म्हणजे हवेने नव्हे. मग पोटऱ्यांत गोळा आला असेल, नाही तर पोटात कळ. किंवा काहीच नसेल. माणूस पळता पळता थांबतो ते कधी कधी काहीच झालेले नसताना थांबतो, हे घाटात मी पाहिले आहे. चांगला पळणारा गडी एकदम चालायला लागतो, कडेच्या कठड्यावर बसतो आणि इकडे तिकडे बघायला लागतो, जणू यासाठीच आला होता. दातारांनीही तिथे कडेला उभे राहून इकडे तिकडे पाहिले असेल का? मागून येणारे पुढे जात असताना? परत आल्यावर लोकांनी विचारलेच असेल, कितवे आलात? त्यावर ते काय म्हणाले असतील? पळसाला पाने तीनच, असे म्हणाले असते तर ते त्यांच्या तोंडी शोभले असते. एवढ्या लांब जाऊन मोजून आलेला माणूस तो.

या भानगडीत कृष्णेलाही ओढावेसे वाटते. महाबळेश्वराला ती निघते तिथून अरबी समुद्र साधारण 64 किलोमीटरवर. ती तिकडे वळूनही पाहत नाही. माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना, हरिपूरला वारणा, आणि सुमारे 1400 किलोमीटर जाऊन भलत्याच समुद्राला मिळते. उताराचा प्रश्न आहे, भूगोलाचा मास्तर सांगेल. आमचे वडीलही तेच सांगत. पण घराजवळचा समुद्र सोडून लांबचा गाठणाऱ्या बाईची बाजू घ्यायची तर याहून बरा दाखला सातारा-सांगलीत मिळायचा नाही. बहिणीला समुद्रच हवा होता तर मुरुड आहे, गणपतीपुळे आहे, असे मी तिला म्हणणार होतो. कृष्णेचे आठवले आणि गप्प बसलो. तिला तर हे मुळीच सांगितले नाही.

ती जाऊन आली. मी फोनवर खोदून खोदून विचारले. पूल कसा होता? "वारा लई. टोपी हातात धरून पळाले." समुद्र? "बाजूला होता." लोक? "चांगले होते, टाळ्या वाजवत होते, आपल्याकडं वाजवतात तशाच." आणि मठ? "तिथं गर्दी होती, बाहेरूनच बघितला." मग म्हणाली, "तू म्हणालास ते खरं होतं, दादा. तीनच पानं." असे म्हणून तिने तिथे राहणाऱ्या भाच्याच्या स्वयंपाकघराचे वर्णन सुरू केले, ते बरेच लांबले.

मला राग आला. कशाचा, ते सांगता येत नाही. माझेच म्हणणे तिने मान्य केले होते. तरी मला वाटत होते की एवढा खर्च करून, एवढ्या लांब जाऊन, उन्हात चमकणाऱ्या त्या पाण्यावरून पळून आलेल्या माणसाने काहीतरी वेगळे सांगायला हवे होते. निदान थोडे खोटे तरी. की तिने सांगायचे ते मुद्दामच सांगितले नाही? लहानपणीही ती जत्रेतून आली की पाळण्यात बसली होती की नाही, याचा पत्ता लागू देत नसे.

आता म्हणते आहे, यंदा साताऱ्याचा घाट करीन. सपाटीवरची माणसे काय समजता, म्हणाली. मी हो म्हटले, आणि तेव्हापासून वेगळीच धास्ती लागून राहिली आहे. यवतेश्वर चढून, धुक्यातून कासच्या रस्त्याला लागून, उतरून ती खाली आली आणि पदक गळ्यात घालून मला म्हणाली की इथेही तीनच, तर? लिस्बनबद्दल ते वाक्य ती जाण्याआधीच मी म्हटले होते, आणि म्हणताना मला काही वाटले नव्हते. यवतेश्वराबद्दल कुणी तसे म्हटलेले मला चालणार नाही, अगदी सख्ख्या बहिणीनेसुद्धा. घाटाला चौथे पान आहे असे मी छातीठोकपणे म्हणू शकतो का? नाही. पण मोजायला तिने येऊ नये असे वाटते. आणि ती आली नाही तर वाईटही वाटेल.

या शर्यतीच्या जागा फार लवकर भरतात. नावनोंदणी सुरू झाल्याचे तिला कळवावे की नाही, हे अजून ठरत नाही.