लग्न की बकऱ्या?

लात्व्हियन भाषेत 'काझस' म्हणजे लग्न आणि 'कझस' म्हणजे बकऱ्या. रोमन लिपीत हा फरक दाखवायला स्वराच्या डोक्यावर एक छोटी आडवी रेघ देतात. रेघ विसरलात, की मांडवात बकऱ्या शिरल्याच समजा!

आता असं धरा, की तुमची भाची शिकायला रीगाला निघाली आहे. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली तिकडे जातात. ती मोबाइलवर विक्शनरी उघडते. ही विकिपीडियाची बहीण, २००२ सालची, आणि तिच्यात कुणीही भर घालू शकतं. म्हणूनच पंचाईत. एकाने शब्द रेघेसह लिहिला, दुसऱ्याने बिनरेघेचा, तिसऱ्याने त्यावर सुराची खूणही चढवली, तर एकाच शब्दाची तीन पानं होतात आणि तिन्ही अर्धवट राहतात.

तिसऱ्याचं अगदीच चुकतं असं नाही हं. या भाषेत सुरानेही अर्थ बदलतो. 'झाले' (हो, आपल्या 'झाले'सारखाच!) सपाट सुरात म्हटलं तर हॉल, घशात किंचित अडखळून म्हटलं तर गवत. कार्लिस मीलेनबाख्स यांनी सुरू केलेला आणि त्यांच्या निधनानंतर यानिस एन्झेलीन्स यांनी पुरा केलेला मोठा कोश १९२३ ते १९३२ मध्ये छापला गेला. त्यात सुरांच्या खुणा आहेत. पण रोजच्या लिहिण्यात त्या कुणीच देत नाही.

माझं रोजचं काम कंटेंट लिहिण्याचं. 'प्रोफाइल' की 'प्रोफाईल' यावर आमच्या टीममध्ये अर्धा दिवस जातो, त्यामुळे असले वाद मला किरकोळ वाटत नाहीत. माझं मत विचाराल तर रेघ शब्दातच हवी, कारण ती तिथल्या शुद्धलेखनाचा भाग आहे. सुराची खूण मात्र उच्चाराच्या ओळीत जावी. तिथले लोक जे लिहीतच नाहीत, ते भाची शोधणार कशी?

नाम एकवचनात द्यायचं, हा नेहमीचा नियम. पण 'काझस' कायम अनेकवचनीच, त्यामुळे तिथे अपवाद आला. आपल्याकडेही 'गेला'चा अर्थ हवा तर 'जाणे' उघडावं लागतं, हे कुणीतरी कधीतरी ठरवलंच की.

आणि भाचीच्या मोबाइलवर ती रेघ टाइपच होत नसेल तर? त्यासाठी पानाच्या अगदी वर 'हेही पाहा' अशी एक ओळ असते. ती बकऱ्यांच्या पानावर पोहोचली, तरी तिथून लग्नाचं पान एका टिचकीवर.